पुस्तकातली एकच आय

"अहो, तो पारिजातक कुठाय?"

आमच्या मागच्या खोलीत उतरलेल्या पाहुण्या बाई सकाळी सकाळी पुस्तक उघडं धरून वाडीत हिंडत होत्या. मी विहिरीवर होते, पंप चालू होत नव्हता म्हणून त्याच्याशी भांडत. मी नुसतं बोट केलं. विहिरीच्या काठाला गुडघ्याएवढं एक रोप, त्याला चार मरतुकडी पानं. बाईंनी एकदा रोपाकडे बघितलं, एकदा पुस्तकाकडे.

"पण यात तर लिहिलंय, पहाटे विहिरीच्या पायऱ्यांवर फुलांचा सडा पडायचा."

"पडत असेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आमच्या विहिरीला पायऱ्याच नाहीत.

पुस्तक माझ्या थोरल्या बहिणीचं. तिचं आत्मचरित्र. ती नटी आहे. आधी नाटकं, मग सिनेमे, आता मालिकांमधली सासू. तुम्ही तिला ओळखता, म्हणूनच नाव सांगत नाही. आमचं माहेरचं घर नागावला, नारळ-पोफळीच्या वाडीत. भाऊ नाही, त्यामुळे आयच्या, म्हणजे आईच्या, मागे मी आणि आमचे हे इथंच राहतो. वादळात निम्मी वाडी आडवी झाली, तेव्हापासून मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागलो. आधी लोक समुद्र बघायला यायचे. पुस्तक आल्यापासून पुस्तकातलं घर बघायला येतात, आणि ते सापडलं नाही की माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, जसं काही मीच ते मोडून भंगारात घातलंय.

ते रोप आमच्या ह्यांनी नर्सरीतून आणून लावलं. म्हणाले, "लोक विचारतात ना, मग असू दे एक." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "पुस्तकात हत्ती असता तर दारात हत्ती बांधला असता काय?" तर म्हणाले, "हत्ती नाही ना पण," आणि तांब्यानं पाणी घालत बसले.

एक कुटुंब तर भर श्रावणात आलं आणि म्हणालं, आम्हाला पोपटी खायचीय, पुस्तकात आहे तशी, कोसळत्या पावसात. कपाळ माझं! पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी भरायची, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. वालाच्या शेंगा येतात थंडीत. पावसात शेंगाही नाहीत आणि जाळही नाही. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं, मग माझ्या बहिणीला कळत नसेल काय? पण पुस्तकाच्या पहिल्या पानावर खाली बारीक अक्षरात एका गृहस्थांचं नाव आहे आणि त्याच्या आधी 'शब्दांकन' असा शब्द आहे. म्हणजे ती बोलली आणि त्यांनी लिहिलं. त्यांना वाटलं असणार, कोकण म्हणजे पाऊस हवाच.

मी तिला ताय म्हणते. आमच्यात आईला आय आणि ताईला ताय. ई लांबवायला वेळ कुणाला होता? ती मुंबईला गेली आणि शुद्ध बोलायला शिकली. हाय-न्हाय सगळं झाडून टाकलं तिनं. पुस्तकात आय नाही, आई आहे. ती आई ओव्या म्हणते, तुळशीपाशी डोळे मिटून उभी राहते आणि मुलींना म्हणते, 'बाळांनो, कष्टाला लाजू नका.' आमची आय आम्हाला 'बाळांनो' म्हणाली असती तर आम्ही डॉक्टरला बोलावलं असतं. ती हाक मारायची ती सगळ्या आळीला ऐकू जायची आणि हाकेच्या आधी एक शिवी असायची.

या पुस्तकात मी एका वाक्यात आहे. 'धाकटी बहीण गावी असते आणि आपल्या संसारात सुखी आहे.' झालं. एका गोधडीत झोपलेल्या बहिणी आम्ही. तायचे केस मी विंचरायचे, माझी दाढ दुखली की ती दाढेवर लवंग धरून बसायची. तिला कोणाचाही आवाज काढता यायचा. एसटीचा कंडक्टर, मासळीवाली, शाळेतले हेडमास्तर. तिच्याकडून मी एकच आवाज शिकले, तिचा. वीज गेली की आम्ही आयला फसवायचो. आय ओरडायची, "ताय, दिवा लाव!" आणि मी तायच्या आवाजात म्हणायचे, "लावते गो आय." मग मीच दिवा घेऊन आले की आय कपाळावर हात मारून घ्यायची, "मेल्यांनो, फसवलात काय परत!" दर वेळी फसायची. आम्ही दोघी हसून हसून लोळायचो. तायचं ते हसणं मी नंतर तिच्या कुठल्याच सिनेमात ऐकलं नाही. सिनेमातलं हसणं छान आहे, पण ते नाही.

आता ते सांगायलाच हवं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

आय गेली ती याच घरात, मधल्या खोलीत, दुपार कलताना. शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं. सारखं एकच विचारायची, "ताय आली काय गो?" मी तायला फोन करत होते. तिचं शूटिंग कुठंतरी लांब, दुसऱ्या राज्यात होतं. "दोन दिवस दे, निघतेच," म्हणायची. मी आयला सांगायचे, "येतेय, वाटेत आहे." पण त्या दुपारी आयचा श्वास बघून मला कळलं की आता वाटेत आहे म्हणून चालणार नाही. मी तिच्या हातात हात दिला आणि तायच्या आवाजात म्हटलं, "आय, मी आले."

आयनं हात घट्ट धरला. अंगठा माझ्या तळव्यावरून फिरवला, परत फिरवला. मग म्हणाली, "हात केवढा खरबरीत झाला गो बाय तुझा." माझा हात खरबरीतच. सुपारी सोलायची, झावळ्यांचे हीर काढून खराटे बांधायचे, त्या हाताचं दुसरं काय होणार? मला वाटलं, आता सापडले. पण आयनं हात सोडला नाही. नंतर तो मलाच सोडवून घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी ताय आली. मी तिला सगळं सांगितलं, अगदी ते खरबरीतचं वाक्यसुद्धा. म्हटलं, आय तुझाच हात धरून गेली असं समज. ती माझ्या मांडीत डोकं घालून रडली आणि मी तिला थोपटत राहिले. पण एक तिला सांगितलं नाही, कोणालाच सांगितलं नाही. इतकी वर्षं सांभाळलं ते मी, हगणं-मुतणं काढलं ते मी, आणि शेवटच्या घटकेला आयनं जिला जवळ घेतलं ती ताय. आय तायला भेटून गेली. मला भेटून कोण गेलं? मला फार वाटायचं, नुसतं एकदा तिनं माझं नाव घेतलं असतं. अजूनही दुपारी मधल्या खोलीत केर काढताना वाटतं.

आणि मग पुस्तक आलं. तायनं पहिली प्रत मलाच पाठवली, आत सही करून. मी आधी तेच प्रकरण काढलं. 'आईचा हात माझ्या हातात होता. खिडकीतून समुद्राची गाज ऐकू येत होती.' एवढंच वाचलं आणि पुस्तक मिटलं. त्या खोलीची खिडकी गोठ्याकडे आहे. गाज कसली, म्हशीचं हंबरणं ऐकू येतं! पण गाज गेली चुलीत. हात? तो हातही तिनं घेतला? मी दिला होता तो तिला, रडायचं थांबावं म्हणून, दोघींपुरता. दुकानात मांडायला नव्हता दिला. मी पुस्तक पोटमाळ्यावर सुपारीच्या सोलपांच्या ढिगात भिरकावलं आणि तायचा फोन घ्यायचं बंद केलं.

त्यानंतर तिच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला. फार गोड बोलणारी मुलगी. रविवारी एका चॅनेलची माणसं घरी येणार, मॅडम स्वतः येणार, पुस्तकातल्या जागांवर शूटिंग होणार. "तुम्हालाही दोन प्रश्न विचारतील काकू. फक्त पुस्तकात आहे तसंच बोला हं, कन्फ्यूजन नको."

मी म्हटलं, "हो हो, काही काळजी करू नका." मनात ठरवलं, कन्फ्यूजन कसं असतं ते दाखवतेच. कॅमेऱ्यासमोर सरळ सांगायचं की ही बया इथं नव्हतीच, तो हात माझा होता. आठवडाभर सुपारी सोलताना मी ते वाक्य घोकत होते. एकदा मोठ्यानं बोलले तर हे घाबरून विचारायला लागले, काय झालं म्हणून.

शनिवारी संध्याकाळी त्या पारिजातकवाल्या बाई ओटीवर वाचत बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, जन्मभर मराठी शिकवलेलं. हातात पेन्सिल असल्याशिवाय त्यांना वाचताच येत नाही. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "हल्ली मुद्रितं कोणी नीट तपासत नाही बघा. सबंध पुस्तकात 'आई' आहे आणि इथं एका ठिकाणी 'आय' छापलंय." त्यांनी 'य' खोडून वर 'ई' काढला होता. "आणि पुढचंही पटत नाही. नटीचा हात आणि खरबरीत? 'गार' म्हणायचं असेल."

मी चहा तिथंच ओटीवर ठेवला.

"वाचा बघू ते," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. "आय म्हणाली, हात केवढा खरबरीत झाला गो बाय तुझा."

मी ज्या पानावर पुस्तक मिटलं होतं, त्याच्या पुढच्याच पानावर होतं हे. बाई काहीतरी बोलत होत्या, शुद्धलेखनाबद्दल असावं. मी आत गेले आणि मधल्या खोलीत जाऊन उभी राहिले. रडू येत होतं आणि रागही जात नव्हता. एक मन म्हणत होतं, ती खूण आहे, माझ्यासाठी ठेवलीय. दुसरं म्हणत होतं, मूर्ख आहेस, छापखान्याची चूक आहे, बाई सांगतायत ना.

रविवारी ताय आली. मांडव्यापर्यंत बोटीनं आणि पुढं पांढऱ्या गाडीनं. साधी सुती साडी, साधा अंबाडा. एवढं साधं दिसायला तिला बराच वेळ लागला असणार. मला वाटलं होतं, उतरताच म्हणेल, "काय गो!" पण भोवती माणसं होती. ती म्हणाली, "कशी आहेस?" मी म्हटलं, "बरी आहे." परक्या बायकांसारख्या बोललो आम्ही. तिचे पाय सुजले होते, ते मात्र मला लगेच दिसलं.

त्यांनी तिला मधल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, हातात पुस्तक दिलं आणि ते पान वाचायला सांगितलं. मी दाराशी उभी, माझं वाक्य जिभेवर तयार. खिडकी लावून घेतली होती, म्हैस नको म्हणून. ताय वाचायला लागली. काय आवाज आहे तिचा! गाज आली, खिडकी आली, दिवा मंद झाला, सगळं आलं. आणि मग ती वाचता वाचता म्हणाली, "आय म्हणाली..."

"कट," मुलाखत घेणारी मुलगी म्हणाली. "सॉरी मॅडम, 'आई' घ्याल? तिथं मिसप्रिंट आहे."

तायनं मान वर केली. "आयच हाय ते," ती म्हणाली.

त्या मुलीला कळेना की मॅडमना काय झालं. तायनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून तिनं पुढचं वाक्य वाचलं, पुस्तकाकडे न बघता, आयच्या आवाजात. खरोखर आयच्या आवाजात. माझ्या हातातला पदर माझ्या तोंडात गेला.

मग ती मुलगी माझ्याकडे वळली. "काकू, त्या क्षणी तुम्ही कुठं होतात?"

आठवडाभर घोकलेलं वाक्य आलंच नाही हो तोंडात. मी म्हटलं, "इथंच होते. मी इथंच असते." तिला ते फार आवडलं असं दिसलं नाही.

ते लोक विहिरीचं शूटिंग करायला मागं गेले तेव्हा ताय स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली, सुजलेले पाय लांब करून. मी चहा ठेवला. पाठ करूनच विचारलं, "ती छापखान्याची चूक हाय काय?"

"तो लिहिणारा माणूस दर वेळी 'आई' करायचा," ती म्हणाली. "तेवढ्या एका ठिकाणी मी दर वेळी खोडून परत 'आय' करायचे. शेवटी कंटाळला. म्हणाला, मॅडम, वाचक हसतील."

"आणि हात? हात माझा होता ताय."

"व्हय. तुझाच."

"मग लिहायचं होतंस!"

"काय लिहू? आय हाका मारत होती आणि मी न्हाय आले, असं? बसले होते लिहायला. जमलं न्हाय. मना वाटलं, लोक थुंकतील माझ्यावर." ती रडत नव्हती, आणि ते मला जास्त लागलं. "मग तुझं ते वाक्य तेवढं तसंच्या तसं ठेवलं. दुसरं काही खरं न्हाय त्या प्रकरणात. मला माहीत हाय."

"आय फसली त्या दिवशी," मी म्हटलं. "ती तुलाच भेटून गेली. मला न्हाय." इतक्या वर्षांनी ते तोंडातून बाहेर पडलं एकदाचं.

ताय सरळ होऊन बसली. "अगो बाय," ती म्हणाली, "माझा हात खरबरीत कवा होता?"

चहा उतू गेला. मी गॅस बंदसुद्धा केला नाही, तिनंच उठून केला.

"आय आपल्याला कधीच फसली न्हाय गो," ती म्हणाली. "अंधारातसुद्धा न्हाय. आपल्याला मजा वाटायची म्हणून फसायची. तिला ठाऊक होतं हात कोणाचा हाय ते. म्हणून तर तसं बोलली. मलाही लिहितानाच कळलं. आय तुलाच भेटून गेली. मला भेटून कोणीच गेलं न्हाय."

मी तिथंच खाली बसले आणि रडले, मोठ्यानं, लहान पोरीसारखी. बाहेरून कोणीतरी ओरडलं की आवाज येतोय म्हणून. तायनं खिडकीतून त्यांना अशी एक शिवी घातली, जी आयच्या हाकेच्या आधी असायची. त्या माणसांना ती कळली नाही, फार बरं झालं.

मग आम्ही विहिरीवर गेलो. रोप बघून ती म्हणाली, "हे काय गो?"

"तुझं पारिजातकाचं झाड. पुस्तकातलं. ह्यांनी लावलंय, लोक विचारतात म्हणून."

ती हसायला लागली, आणि ते हसणं आलं, लोळायचो तेव्हाचं. कॅमेरा तोवर पेटीत गेला होता.

तेव्हापासून मी हे लिहीत असते, पाहुणे नसले की. आणि सांगते, सोपं नाही ते. मघाशी लिहिलं की आयच्या हाकेच्या आधी एक शिवी असायची. एक नसायची, आणि नुसती शिवीही नसायची, मारायचीही ती आम्हाला, वहाणेनं. ते मी आधी गाळलं होतं. ताय काय आणि मी काय.

त्या रविवारी उन्हं उतरायच्या आत तायला बोट गाठायची होती. मी शहाळी आणि सुपारीची पिशवी गाडीत ठेवली. राहा म्हटलं, तर म्हणाली, उद्या शूटिंग आहे. तिचं घर मुंबईत विसाव्या मजल्यावर आहे, तिथं ती एकटीच असते. काच खाली करून तिनं माझा हात धरला आणि अंगठा तळव्यावरून फिरवला.

"माझ्या वेळेला येशील काय गो?"

"गप बस. काहीतरी भलतंसलतं बोलू नको."

"येशील काय ते सांग."

"येईन."

"मग तवा तुझंच नाव सांग," ताय म्हणाली.